भोवत्या ओळखायला ८×४२ दुर्बीण: कुठे कामाची, कुठे कमी पडते

हिवाळ्यात जायकवाडीच्या काठावर हरभऱ्याच्या रानावरून भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी अगदी खालून तरंगत जातो. त्याला टिपायला ८×४२च बरी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहापटीच्या दुर्बिणीत हात जरा हलला की चित्र नाचतं, पक्षी निसटतो.

पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या, दोघांचेही नर राखाडी. पांढुरक्याच्या पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर. माँटेग्यूचं टोक बरंच काळं, वरून पंखावर एक काळी आडवी पट्टी, पोटाला तांबूस रेघा. पक्षी वळला की ती पट्टी या दुर्बिणीत स्वच्छ दिसते. माद्या मात्र घाम फोडतात. पांढुरकीच्या काळपट गालामागे फिकट गळपट्टा असतो, पण तो दिसायला पक्षी जवळ हवा. नाहीतर वहीत 'भोवत्या, मादी' एवढंच लिहावं.

मोठी उणीव स्वस्त भिंगांची. उजळ आभाळावर पंखाच्या कडेला जांभळी झालर येते आणि नेमकी पाचरच बुजते. घेण्याआधी दुकानाबाहेर येऊन विजेच्या तारेवर रोखून बघा. ऊन तापल्यावर रानावरची हवा थरथरते, तेव्हा महागड्या दुर्बिणीतही पिसं दिसत नाहीत.