दोन पदव्या की दीड?

‘इंजिनिअरिंग करायचंच आहे, पण फिजिक्स सोडवत नाही’ असं म्हणत कुणी दुहेरी पदवीची चौकशी करायला आलं, की मी आधी कोरा कागद पुढे सरकवतो. फिजिक्सचे जे विषय शिकायचे राहिले तर मनाला चुटपुट लागेल, तेवढेच त्यावर लिही म्हणतो. पाच मिनिटांनी कागदावर बहुतेक वेळा चारच नावं असतात: क्लासिकल मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. फार तर सॉलिड स्टेट. पदवीच्या अभ्यासक्रमाची यादी याहून बरीच लांब असते. या दोन याद्यांमध्ये जे अंतर आहे, त्यासाठी साधारण एक जादा वर्ष द्यायचं का, एवढंच ठरवायचं असतं.

मी स्वतः इलेक्ट्रिकल आणि फिजिक्स अशा दोन्ही पदव्या केल्या, त्यामुळे पुढचं बरंचसं भोगून झालेलं आहे.

समोर मुख्य पर्याय दोन. एक, दोन स्वतंत्र पदव्या. दुसरा, इंजिनिअरिंगची पदवी आणि फिजिक्सचं मायनर, म्हणजे पदवीला जोडून घेतलेले फिजिक्सचे मोजके विषय. याला मी दीड पदवी म्हणतो (दीडशहाणा म्हणून हसणारे भेटतात, हसू द्यावं). एकाच पदवीत दोन मेजर (मुख्य विषय) हा प्रकारही काही ठिकाणी असतो. तो दुहेरी पदवीसारखा ऐकू येतो, पण हातात प्रमाणपत्र एकच पडतं. नियमावलीत नेमका कोणता शब्द आहे, ते बघून घ्या.

दुहेरी पदवीच्या बाजूने पहिला युक्तिवाद असतो तो म्हणजे ‘निम्मे विषय तर सारखेच आहेत’. पहिल्या वर्षापुरतं ते खरं आहे. कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, सुरुवातीचं मेकॅनिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग दोन्हीकडे चालतं. पुढे मात्र शाखेवर अवलंबून आहे. इलेक्ट्रिकलवाल्याला फूरिएचं गणित आणि सेमीकंडक्टर दोन्हीकडे उपयोगी पडतात. मेकॅनिकलवाल्याची थर्मोडायनॅमिक्सशी आधीच ओळख झालेली असते. सिव्हिल किंवा कॉम्प्युटरवाल्याला गणिताच्या पलीकडे फारसं काही आयतं मिळत नाही.

आणि नाव सारखं म्हणून विषय सारखा, असंही नाही. दोन्ही विभागांत विद्युतचुंबकत्व असतं, मॅक्सवेलची समीकरणंही तीच. पण इलेक्ट्रिकलचा विषय लवकरच ट्रान्समिशन लाइन, स्मिथ चार्ट आणि अँटेनाकडे वळतो, तर फिजिक्सचा व्हेक्टर पोटेन्शियल, गेज आणि रिलेटिव्हिटीकडे. एकाचं क्रेडिट दुसऱ्यात धरायला कोणताही विभाग सहजी तयार होत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नसतं. थर्मोडायनॅमिक्सचंही तेच. मेकॅनिकलमध्ये वाफेचे तक्ते आणि रँकिन सायकल घोटून होतं. एंट्रॉपी म्हणजे सूक्ष्म अवस्थांची मोजदाद, हे फिजिक्सच्या वर्गात कळतं.

याची गंमत माझ्या वहीत सापडते. उणे एकचं वर्गमूळ इंजिनिअर ‘जे’ लिहितो, कारण ‘आय’ त्याने विद्युतप्रवाहासाठी राखून ठेवलेला असतो. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण पुढे जाणारी लहर लिहिताना फिजिक्समध्ये काळाच्या पदाला बहुधा ऋण चिन्ह असतं, इलेक्ट्रिकलमध्ये धन. त्यामुळे लहर शोषून घेणाऱ्या पदार्थाच्या अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग एकीकडे धन येतो आणि दुसरीकडे ऋण. सकाळच्या तासाचं सूत्र दुपारच्या गणितात उचलून लावलं, तर आत शिरलेली लहर विझायच्या ऐवजी वाढत जाते. माझी अशी वाढली होती. तपासणाऱ्याने समासात फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं.

तरी त्या गोंधळातूनच मला हे कळलं की कुठली गोष्ट निसर्गाची आणि कुठली आपण ठरवून घेतलेली. मायनरमध्ये एवढं घुसळून निघणं होत नाही, हे दुहेरी पदवीच्या बाजूने मोकळेपणाने मान्य करतो.

आता अडचण. लोक क्रेडिटची बेरीज करतात आणि ती जमते. मोडतं ते साखळीत. क्वांटमचा दुसरा भाग घ्यायचा तर पहिला हवा, पहिल्यासाठी लिनियर अल्जिब्रा आणि गणिती पद्धती, त्यासाठी डिफरन्शियल इक्वेशन्स. यातला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो. इंजिनिअरिंगची साखळीही अशीच: सर्किट्स, मग सिग्नल्स, मग कंट्रोल, आणि शेवटी वर्षभराचा प्रोजेक्ट. दोन साखळ्यांमधली एक-एक कडी एकाच दुपारी आली की संपलं. माझी मशीन्सची प्रयोगशाळा आणि क्वांटमचा तास एकाच वेळी आले. क्वांटम पुढच्या वर्षावर गेलं, त्याच्यामागून सॉलिड स्टेट गेलं, आणि शेवटच्या वर्षी इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट आणि फिजिक्सचा प्रबंध दोन्ही एकदम मानेवर बसले. म्हणून आराखडा शेवटाकडून मागे काढावा. शेवटचे विषय आधी मांडायचे, प्रत्येकाखाली त्याची पूर्वअट, ती कोणत्या सेमिस्टरला मिळते तेही लिहायचं. मोकळी जागा राहिली नाही, तर एक तास हुकल्यावर अख्खं वर्ष हुकतं. मायनरला ही साखळी आखूड असते, हीच त्याची मोठी सोय.

पदवीने पुढे काय खुलं होतं, यावर गैरसमज पुष्कळ आहेत. परवानाधारक इंजिनिअर व्हायचं, आराखड्यावर सही करायची, तर बहुतेक देशांत मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदवी लागते आणि फिजिक्सची पदवी तिथे सहसा पुरत नाही. १९८९ सालचा वॉशिंग्टन करार हा अशा मान्यताप्राप्त पदव्या देशोदेशी ग्राह्य धरण्यासाठीच आहे. उलट दिशेने भिंत इतकी उंच नाही. फिजिक्सच्या पीएचडीसाठी सुरुवातीच्या कागदावरचे ते चार विषय पक्के आणि संशोधनाचा थोडा अनुभव असेल, तर इंजिनिअरला पुष्कळ ठिकाणी दार उघडतं. म्हणजे परवाना आणि पीएचडी दोन्ही हवं असलं, तरी दीड पदवी बरीच पुरते.

इंजिनिअरिंग फिजिक्स नावाची एकसंध पदवी हा तिसरा मार्ग. ज्याला लेझर, सेमीकंडक्टर, उपकरणं यांत रस आहे त्याला ती चपखल बसते, आणि साखळी विभागानेच बांधून दिलेली असते. फक्त ती इंजिनिअरिंग म्हणून मान्यताप्राप्त आहे का, हे प्रवेशाआधी विचारा. सगळीकडे नसते.

आणि आधी एक, मग दुसरं हा जुना रस्ता आहेच. जॉन बार्डीन यांनी विस्कॉन्सिनमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दोन पदव्या घेतल्या, तेलसंशोधनात काही वर्षं नोकरी केली, आणि नंतर प्रिन्स्टनला जाऊन १९३६ मध्ये पीएचडी मिळवली. फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळालेले ते एकटेच: १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरसाठी, १९७२ मध्ये अतिवाहकतेच्या सिद्धांतासाठी. क्वांटम मेकॅनिक्सचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, पॉल डिरॅकही १९२१ मध्ये ब्रिस्टलमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले, मग गणिताकडे वळले. अशी माणसं दाखवून कुणाचा निर्णय होत नाही, पण बाविसाव्या वर्षी दोन्ही प्रमाणपत्रं हातात नसली म्हणून काही अडत नाही, इतकं त्यावरून दिसतं.

माझा कौल विचाराल तर दहातल्या आठांना मी मायनर सांगेन, आणि उरलेला वेळ एखाद्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत घालवायला सांगेन. दुहेरी पदवी त्याने घ्यावी, ज्याच्या कागदावर चाराऐवजी दहा नावं आली आणि त्यात ॲडव्हान्स्ड लॅबही होती. ती लॅब कंटाळवाणी, त्रुटींच्या आकडेमोडीने भरलेली असते. तिचं नाव आपणहून लिहिणारा माणूस फिजिक्सच्या पदवीचा खरा गिऱ्हाईक.

ती घ्यायचीच ठरली, तर सही करण्याआधी कार्यालयात एक गोष्ट लेखी मागून घ्या: तिसऱ्या वर्षी फिजिक्सची पदवी सोडली, तर तोवर केलेले विषय मायनर म्हणून धरले जातील का, आणि इंजिनिअरिंग वेळेत संपेल का. मी हे तोंडी विचारलं होतं. ‘होईल काहीतरी’ असं उत्तर मिळालं होतं.