पुरवठादाराचे पैसे किती दिवसांनी? मॅकेसन, सेन्कोरा की कार्डिनल

अमेरिकेतल्या औषध वितरणातल्या या तीन बड्या कंपन्यांपैकी एकीचे शेअर घ्यायचे असतील, तर नफ्याच्या टक्केवारीवर फार वेळ घालवू नका. शंभर डॉलरच्या विक्रीवर तिघींनाही ढोबळ नफा सुटतो तो जेमतेम तीन-चार डॉलर. खरी गंमत उधारीत आहे. औषध कंपन्यांकडून उचललेल्या मालाचे पैसे त्या किती दिवसांनी चुकते करतात?

हिशेब सोपा आहे. वर्षअखेरीला पुरवठादारांचं जे देणं उरलं, त्याला वर्षभरात विकलेल्या मालाच्या खर्चाने भागायचं आणि ३६५ ने गुणायचं. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये मॅकेसनचं देणं सुमारे ४७ अब्ज डॉलर आणि खर्च २९६ अब्ज, म्हणजे ५८ दिवस. सेन्कोराचं (२०२३ पर्यंत हिचं नाव अमेरिसोर्सबर्गन होतं) ५१ अब्ज आणि २८४ अब्ज, म्हणजे ६५ दिवस. कार्डिनलचं ३२ आणि २१९, म्हणजे ५३. सेन्कोराचा यातला एकेक दिवस जवळपास ७८ कोटी डॉलरचा, तोही बिनव्याजी.

मग सेन्कोरा पहिली, मॅकेसन दुसरी, कार्डिनल शेवटची? इथेच बरेचजण घाई करतात. देणं लांबवून उपयोग काय, जर तेवढाच काळ माल गोदामात आणि बिलं गिऱ्हाइकाकडे अडकली असतील? मॅकेसनचा माल सुमारे २६ दिवस पडून असतो आणि वसुलीलाही तेवढेच दिवस लागतात. ५२ मधून ५८ गेले, उरले उणे ६. या आकड्याला रोख चक्र म्हणतात; तो उणे असला, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आधी हातात येतात आणि पुरवठादाराचे नंतर जातात. सेन्कोराचा साठा २४ दिवसांचा, वसुली ३० दिवसांची, म्हणून उणे ११. कार्डिनलचा साठा २५ दिवसांचा, पण वसुली १९ दिवसांत, म्हणून उणे ९. क्रम बदलला. पुरवठादाराला सगळ्यात लवकर पैसे देणारी कार्डिनल मॅकेसनच्या पुढे गेली, कारण ती स्वतःचे पैसेही लवकर वसूल करते.

तरी कार्डिनलच्या या आकड्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. तिचं वर्ष ३० जूनला संपतं, आणि २०२४ च्या त्याच महिनाअखेरीला ऑप्टमआरएक्स या औषधविम्याचं काम पाहणाऱ्या कंपनीसोबतचा करार संपला. कंपनीच्या विक्रीचा सुमारे सहावा हिस्सा त्या एका गिऱ्हाइकाकडून येत होता. उणे चक्राची दुसरी बाजू अशा वेळी दिसते. विक्री वाढत असते तेव्हा पुरवठादारांचा पैसा हातात खेळतो. गिऱ्हाईक गेलं की जुनी बिलं भागवावी लागतात आणि त्या जागी नवी उधारी येत नाही. त्यानंतरच्या तिमाहीतला रोख प्रवाह पाहिल्याशिवाय इथे मत बनवू नये.

आणखी एक बारीक गोष्ट, कॅलेंडर उघडून बघण्यासारखी. वर्षअखेरीचे दिवस, म्हणजे मॅकेसनचा ३१ मार्च २०२४ आणि कार्डिनलचा ३० जून २०२४, हे दोन्ही रविवार होते. सेन्कोराचा ३० सप्टेंबर मात्र सोमवार. शनिवार-रविवारी भरायची रक्कम सोमवारवर गेली, तर ताळेबंदात देणं फुगलेलं दिसतं. येण्यांचंही तेच. त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या फरकावर निर्णय घेऊ नका. चार तिमाहींच्या अखेरच्या आकड्यांची सरासरी काढा.

तुम्ही गुंतवणूकदार नसून पुरवठादार असाल, तर ५३ आणि ६५ यांवरून तुमचं बिल कधी निघेल ते कळणार नाही. ही सगळ्यांची मिळून सरासरी आहे. वेळेत पैसे देणाऱ्या वितरकाला साधारण दोन टक्के सूट देण्याची या धंद्यात जुनी रीत आहे, आणि तीन-चार टक्क्यांवर जगणारा वितरक ती सहसा सोडत नाही. जेनेरिक औषधांच्या खरेदीत मात्र जोर वितरकाचा असतो. कार्डिनल सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीसोबत आणि मॅकेसन वॉलमार्टसोबत एकत्र खरेदी करते. समोर एवढं मोठं गिऱ्हाईक असताना मुदत तीस दिवसांवर आणा म्हणणं जड जातं. तिथे भावाइतकीच मुदतीवर घासाघीस करा, आणि मुदत माल पोचल्यापासून मोजायची की बिलाच्या तारखेपासून, हे करारात लिहून घ्या.