उसना झगा: बेळगावातील एका कपडेपटाच्या दुकानाचा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेत हौशी मंडळी दरवर्षी नाटक करतात. यंदा आम्ही शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चा मराठी प्रयोग बसवला आणि त्यासाठी लागणारा सारा कपडेपट बेळगावात खडेबाजारालगतच्या एका गल्लीतील दुकानातून भाड्याने घेतला. माडीवरच्या दोन खोल्या पेशवाई अंगरखे, पगड्या, चिलखते आणि पौराणिक मुकुट यांनी भरलेल्या आहेत; आपल्या ऐतिहासिक नाटकांना जसे इथून सामान जाते, तसेच श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याच्या मेळांनाही जाते. स्कॉटलंडच्या सरदारांचे कपडे तिथे नव्हते, आणि आम्हाला ते नकोही होते.

आम्हाला हवा होता एक झगा. या नाटकात मॅकबेथ हा स्कॉटलंडचा सरदार राजा डंकनचा खून करून गादी बळकावतो, आणि त्याची महत्त्वाकांक्षा पुन्हा पुन्हा वस्त्राच्या भाषेत बोलते. कॉडरची सरदारकी मिळाल्याची वार्ता येताच मॅकबेथ विचारतो, की कॉडरचा सरदार जिवंत असताना ही उसनी वस्त्रे मला का चढवता. वास्तविक त्या सरदाराला फितुरीसाठी देहान्ताची शिक्षा झालेली असते, म्हणजे मॅकबेथचा पहिला मानच एका फितुराच्या अंगावरून उतरलेला असतो. त्याचा सोबती सरदार बँको लगेच म्हणतो, की नवे मान नव्या कपड्यांसारखे असतात, वापराने अंगाला बसतात. मॅकबेथच्या अंगाला ते कधीच बसत नाहीत. पाचव्या अंकात अँगस हा सरदार सांगतो, की एखाद्या महाकाय पुरुषाचा झगा खुज्या चोराने घालावा, तसे राजपद त्याच्या अंगावर लोंबते आहे.

दुकानाच्या मालकांना मी हे सांगू लागलो, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “शेवटाला ह्याचं काय होतंय, मास्तर?” उत्तर ऐकून ते आत गेले आणि मॅकबेथसाठी काढलेल्या झग्याच्याच तांबड्या मखमलीचा, पण एका धिप्पाड नटासाठी शिवलेला दुसरा झगा घेऊन आले. “कापड तेच. माणूस तेवढा बारीक झालेला दिसंल बघा.”

इतिहासातील मॅकबेथने 1040 ते 1057 अशी 17 वर्षे राज्य केले. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये सर्वांत आखूड असलेल्या या नाटकात मात्र सारा ऱ्हास दोन-अडीच तासांत दिसावा लागतो, आणि ते काम या दुसऱ्या झग्याने केले. मालकांच्या मते तो पाचव्या अंकात घालायचा होता. मी तो तिसऱ्या अंकातील मेजवानीपासूनच घालायला लावला. माझ्या मते मॅकबेथची महत्त्वाकांक्षा डंकनच्या खुनाबरोबर पुरी होते आणि त्यानंतरचा प्रत्येक खून तो केवळ भीतीपोटी करतो. त्याने मारवलेल्या बँकोचे भूत मेजवानीत त्याच्याच आसनावर येऊन बसते, तिथेच राजा संपतो. आमच्या नटाच्या बाह्या तळव्यांवर उतरत होत्या आणि तो त्या सतत मागे सारत होता. समुद्राच्या पाण्यानेही आपले हात धुतले जाणार नाहीत, असे दुसऱ्या अंकात म्हणणाऱ्या माणसाचे हात असे पुन्हा पुन्हा उघडे पडताना पाहून मंडपातली कुजबुज थांबली.

मुकुट पत्र्याचा, सोनेरी मुलाम्याचा आणि फार हलका आहे. आत कापडाची घडी घालावी लागली. डंकन, मॅकबेथ आणि शेवटी राजा होणारा डंकनचा मुलगा माल्कम यांच्या डोक्यावर एकच मुकुट फिरला पाहिजे, म्हणून वेगळे तीन घेऊ नयेत. झोपेत चालणाऱ्या राणीसाठी मिळालेला चकचकीत साटीनचा झगा साफ चुकीचा होता. आम्ही साधे पांढरे सुती कापड वापरले. दोन तलवारींच्या मुठी ढिल्या निघाल्या, आणि आठवण करूनही त्या बदलून मिळाल्या नाहीत. हा दोष गंभीर आहे, कारण अखेरची लढाई तलवारींचीच आहे.

भाडे वाजवी आहे, अनामत त्याच दिवशी परत मिळते आणि कपडे धुतलेले असतात. चैत्र-वैशाखातील जत्रांसाठी माघातच नाव नोंदवावे. मोठा झगा दर्शनी खुंटीवर नसतो. तो मागून घ्यावा लागतो.