सारथी पोर्टल: वर्ग कळतो, वजन कळत नाही

एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सवर भाड्याची पिकअप चालते का? ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडली की वेगळं लायसन्स लागतं का? सव्वीस सीटची ट्रॅव्हलर मोठ्या गाडीत मोडते का? ‘माझ्या लायसन्सवर काय काय चालतं’ या प्रश्नाची ही नेहमीची रूपं. उत्तर लायसन्सची कामं जिथे होतात त्या सरकारच्याच सारथी पोर्टलवर मिळावं अशी अपेक्षा असते. पोर्टलची बाकीची कामं बाजूला ठेवून इथे फक्त तेवढंच तपासलं आहे: आपल्याकडे कोणता वर्ग, म्हणजे कोणत्या प्रकारच्या गाडीची परवानगी, आहे हे सारथी किती नीट सांगतं, त्या वर्गात कोणती गाडी आणि कोणता ट्रेलर बसतो हे कळतं का, आणि वर्ग वाढवायचा झाला तर वाट किती सरळ आहे.

सुरुवात चांगली आहे. परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन्सची माहिती पाहण्याची सोय आहे. तिथे लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की प्रत्येक वर्ग, तो खाजगीचा की ट्रान्सपोर्टचा (व्यावसायिक गाड्यांचा) आणि कोणत्या तारखेला मिळाला हे दिसतं. खाजगी आणि ट्रान्सपोर्ट या दोन्हींच्या मुदतीही वेगवेगळ्या येतात. झिजलेल्या कार्डावरचा मजकूर वाचता येत नसेल तर हीच नोंद पाहावी, कारण नाक्यावर तपासणारा अधिकारीही शेवटी तीच पाहतो. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली प्रतही कायद्याने मूळ कागदाइतकीच चालते. अडचण येते ती जुन्या पुस्तकी लायसन्सवाल्यांना. ते लायसन्स सारथीवर चढलेलं नसेल तर शोधून काही सापडत नाही, आणि आधी आरटीओत बॅकलॉगची, म्हणजे जुन्या लायसन्सची, नोंद करून घ्यावी लागते. वर्ग वाढवायचा असो वा नूतनीकरण, अशांनी पहिलं काम हेच करावं.

खरी उणीव याच्या पुढे आहे. सारथी वर्गाचं नाव देतं, पण त्या नावाखाली किती किलो बसतात हे सांगत नाही. एलएमव्ही म्हणजे हलकं मोटार वाहन एवढंच वाचून कोणी ‘म्हणजे कार’ असं समजतो, तर कोणी ‘म्हणजे छोटा हत्तीपर्यंत’ असं. दोन्ही समज चूक आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत मर्यादा ७,५०० किलो आहे, आणि ती मोजायची पद्धत गाडीगणिक बदलते. मालवाहू गाडी, प्रवासी ट्रान्सपोर्ट गाडी आणि ऑम्निबस (सहाहून जास्त प्रवाशांची गाडी) यांचं एकूण वजन धरायचं, म्हणजे गाडी अधिक नोंदणीत मंजूर असलेला भार. कार, ट्रॅक्टर आणि रोडरोलर यांचं मात्र रिकामं वजन धरायचं. गोंधळ बहुतेक या फरकातूनच होतो.

म्हणून निम्मं उत्तर लायसन्सवर असतं आणि निम्मं आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर. आरसी ‘वाहन’ नावाच्या पोर्टलच्या ताब्यात, लायसन्स सारथीच्या. दोन्ही पोर्टलं एकाच मंत्रालयाची आहेत. तरी गाडीचा नंबर टाकला आणि ‘तुमच्या लायसन्सवर ही चालेल’ असं उत्तर आलं, अशी सोय नाही. ती जोडणी वाचकाने स्वतः करायची. आरसीवर लेडन किंवा ग्रॉस (एकूण) वजनाचा आणि अनलेडन (रिकाम्या) वजनाचा रकाना असतो. मालवाहू किंवा प्रवासी गाडी असेल तर पहिला आकडा पाहावा, ट्रॅक्टर असेल तर दुसरा. आकडा ७,५०० किंवा त्याहून कमी असेल तर एलएमव्ही पुरतं.

छोटा हत्ती, बोलेरो पिकअप आणि टाटा ४०७ या मर्यादेच्या बऱ्याच खाली आहेत. सव्वीस सीटची फोर्स ट्रॅव्हलरही सहसा आतच बसते, कारण एलएमव्हीची व्याख्या सीट मोजत नाही, वजन मोजते. ‘आयशर’ असं नुसतं नाव सांगून मात्र चालत नाही. आयशरचे काही ट्रक मर्यादेच्या आत येतात आणि काही दुपटीहून जड असतात. केबिन लहान दिसते म्हणून ट्रक हलका ठरत नाही, आकडा आरसीवरच पाहावा.

पिवळ्या पाटीचा प्रश्न अनेक वर्षं भिजत पडला होता. एलएमव्ही असलेल्या चालकाने ७,५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवली तर लायसन्सवर ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागते का, हा तो प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात ‘लागत नाही’ असा निकाल दिला. २०१८ मध्ये केंद्राने राज्यांना तसं कळवलं. विमा कंपन्यांच्या हरकतींमुळे विषय पुन्हा वर गेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात तेच कायम केलं. त्यामुळे ‘पिवळी पाटी आहे, टीआर (ट्रान्सपोर्टची नोंद) नाही, म्हणून क्लेम नाही’ हा युक्तिवाद ७,५०० किलोच्या आत टिकत नाही. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या यांना ही मोकळीक नाही, त्यांच्या अटी वेगळ्या आहेत. ई-रिक्षासाठी किमान दहा दिवसांचं प्रशिक्षण लागतं. धोकादायक मालाच्या नोंदीसाठीही वेगळं प्रशिक्षण आहे आणि ती मुदत तीन वर्षांची असते. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजचा विषय राज्याच्या नियमांचा आहे, तो वर्गाशी मिसळू नये.

आता ट्रेलर. इथे सारथी पूर्ण गप्प आहे. पोर्टलच्या मौनाचा अर्थ ‘परवानगी नाही’ असाही लावला जातो आणि ‘काहीच लागत नाही’ असाही. कायद्यात कार, ट्रॅक्टर किंवा पिकअपमागे ओढायच्या साध्या ट्रेलरसाठी लायसन्सचा स्वतंत्र वर्ग नाही. परदेशात कारमागे कॅरॅव्हॅन लावताना वर्गाला जोडून ट्रेलरची वेगळी परवानगी लागते असं कोणी ऐकलं असेल, तर ती पद्धत भारतात नाही. इथे ओढणाऱ्या गाडीचा वर्ग पाहतात. पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा शेतीचा ट्रॅक्टर रिकामा सुमारे दोन टनांचा असतो, म्हणजे तो एलएमव्हीत सहज बसतो. मागे ट्रॉली जोडली म्हणून चालकाचं लायसन्स अपुरं ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच नागशेट्टी प्रकरणात सांगितलं आहे. गळीत हंगामात ट्रॅक्टरचालकाला ‘तुझ्याकडे हेवी नाही’ असं कोणी अडवलं, तर दाखवण्यासारखा आधार हा.

पण लायसन्स पुरलं म्हणजे सगळं पुरलं असं नाही, आणि ऊस वाहतुकीत लोक नेमके इथेच अडकतात. कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली स्वतःच एक मोटार वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिचा नंबर तिच्या बाजूवर लावावा लागतो. शिवाय शेवटच्या ट्रॉलीच्या मागे ट्रॅक्टरचाही नंबर हवा. अनेक ट्रॉल्यांवर यातलं काहीच नसतं, रात्री मागून येणाऱ्याला चकाकणारी पट्टीदेखील दिसत नाही. विम्याचंही तसंच. ट्रॅक्टरची पॉलिसी ट्रॉलीला आपोआप लागू होते असं धरून चालू नये. प्रत्येक ट्रॉलीचा उल्लेख पॉलिसीत आहे का ते वाचावं आणि वापराच्या रकान्यात ‘शेती’ इतकंच लिहिलंय का तेही पाहावं. शेतीच्या पॉलिसीवर विटा किंवा वाळूच्या भाड्याच्या खेपा केल्या आणि अपघात झाला, तर वाद चालकाच्या लायसन्सवर होत नाही. तो वापराच्या अटीवर होतो, आणि रक्कम मालकाच्या अंगावर येऊ शकते.

सेमी-ट्रेलरची गोष्ट निराळी. ज्या ट्रेलरचा पुढचा भाग ओढणाऱ्या गाडीवर टेकतो आणि ज्याच्या वजनाचा काही भाग ती गाडी उचलते, तो सेमी-ट्रेलर. जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर ‘घोडा’ म्हणजे ट्रकचा सुटा होणारा पुढचा भाग जो कंटेनरचा सांगाडा ओढतो, तो याचं रोजचं उदाहरण. जोडून तयार होणारं वाहन एलएमव्हीच्या कितीतरी पुढे जातं, त्याला ट्रान्सपोर्टचा वर्ग हवाच. मोटारसायकलच्या साइडकारला मात्र कायदा ट्रेलर मानत नाही, ती मोटारसायकलच्याच व्याख्येत येते.

दुचाकीबद्दल एकच सांगण्यासारखं. विनागिअरचं लायसन्स असलेला गोव्यात भाड्याने बुलेट घेतो तेव्हा तो त्या गाडीपुरता विनालायसन्सच असतो. गाडी भाड्याने मिळाली, दुकानदाराने फक्त कार्डाचा फोटो काढून घेतला, याने वर्ग बदलत नाही.

वर्ग वाढवण्याची वाट सारथीवर एकदा समजली की सरळ आहे, पण पहिल्याच पायरीवर चूक होते. नव्या वर्गासाठी आधी शिकाऊ लायसन्स घ्यावं लागतं. त्या अर्जाच्या सुरुवातीला ‘लायसन्स नाही’ आणि ‘लायसन्स आहे’ असे पर्याय येतात. घाईत पहिला निवडला की प्रणाली तुम्हाला नवा अर्जदार समजते. एका माणसाला एकच लायसन्स हा कायदा असल्यामुळे तो अर्ज पुढे लटकतो. म्हणून ‘लायसन्स आहे’ हा पर्याय घ्यावा आणि जुना क्रमांक व जन्मतारीख टाकून माहिती ओढून घ्यावी. नाव, पत्ता आणि जन्मतारीख आधारशी जुळते का हे तिथेच तपासावं. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारवर शिकाऊ परीक्षा घरबसल्या देता येते, आणि सारथीचा हा भाग मनापासून कौतुक करावा असा आहे.

शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवस थांबायचं. त्याची मुदत सहा महिन्यांची, त्याच्या आत पक्क्या चाचणीची वेळ घ्यायची. हा दुसरा अर्ज ‘नवं लायसन्स’मध्ये भरायचा नसतो. त्यासाठी वर्ग जोडण्याची वेगळी सेवा आहे, जी पोर्टलवर एईडीएल या आद्याक्षरांखाली दडलेली आहे. हे नाव वाचून कोणालाही अर्थबोध होत नाही. साध्या मराठीत ‘लायसन्सवर नवी गाडी जोडा’ असं लिहिलं असतं तर एजंटकडे जाणाऱ्यांची संख्या नक्की कमी झाली असती. केंद्राच्या नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सला दर वर्गाला १५० रुपये, चाचणीला दर वर्गाला ३०० आणि वर्ग जोडण्याला ५०० रुपये लागतात. राज्याचे सेवा आकार त्यावर येतात. पावती पोर्टलवरूनच निघते, त्यामुळे कोणी जास्त मागितलं तर ताडून पाहता येतं.

चाचणीला ज्या वर्गासाठी अर्ज आहे त्याच वर्गाची गाडी न्यावी लागते, आणि तिचा विमा व पीयूसी चालू हवा. आरटीओच्या दारातून परत जाण्याचं हे नेहमीचं कारण.

ट्रान्सपोर्टसाठी अटी वाढतात. वय किमान वीस, आणि एलएमव्ही हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. हे वर्ष एलएमव्हीच्या तारखेपासून मोजतात, मोटारसायकलच्या नाही. सारथीवर वर्गागणिक तारीख दिसते तिचा उपयोग इथे होतो. ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ आणि डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, तरी काही एजंट अजून शाळेचा दाखला मागतात. तो द्यायची गरज नाही. एकदा ट्रान्सपोर्टचा वर्ग मिळाला की ट्रक आणि बससाठी निरनिराळे वर्ग घ्यावे लागत नाहीत. १९९४ च्या दुरुस्तीत मध्यम-जड, माल-प्रवासी हे चार वर्ग एकत्र करून ट्रान्सपोर्ट हा एकच वर्ग झाला. जुन्या कार्डांवर हेवीची जी वेगवेगळी अक्षरं दिसतात ती त्या काळाची आहेत.

ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची आहे, आणि मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालायचं ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. आता दुसऱ्या दिवसापासून ते चालत नाही. संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चालू वर्ग नसताना गाडी चालवण्याचा कायद्यातला दंड ५,००० रुपये आहे, आणि अशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. नुकसानभरपाईच्या दाव्यात अनेकदा विमा कंपनीला आधी रक्कम भरायला लावतात आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. ट्रान्सपोर्ट चालक ठेवणाऱ्या मालकांनी म्हणून दर चालकाची ट्रान्सपोर्टची तारीख सारथीवर स्वतः पाहावी आणि वहीत गाडीच्या नंबरासमोर लिहून ठेवावी. कार्डावर छापलेली खाजगीची लांबची तारीख पाहून फसणारे मालक कमी नाहीत.