मंडळीतल्या भाषांतरासाठी वायरलेस इअरफोन संच: कुठे उपयोगी, कुठे नाही

ज्या मंडळीत (चर्चमध्ये) दोन भाषांचे लोक येतात आणि उपदेश एकाच भाषेत होतो, तिने हा संच जरूर घ्यावा. भाषांतरकाराकडे ट्रान्समीटर, ऐकणाऱ्यांच्या कानात रिसीव्हर, एवढाच मामला. बायबलमधल्या १ करिंथ १४:१६ मध्ये पौल विचारतो की, बोललेलं ज्याला कळतच नाही, तो आमेन कसा म्हणणार? त्या आमेनची सोय हा संच करतो. मात्र त्याच अध्यायात ज्या अन्य भाषांची, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने बोलल्या जाणाऱ्या, न शिकलेल्या भाषांची चर्चा आहे, त्यांच्यासाठी तो बनलेला नाही. गोंधळ होतो तो नेमका तिथेच.

आधी यंत्राबद्दल. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे डिजिटल संच सहज मिळतात आणि आवाज स्वच्छ देतात. अडचण अशी की या लहरी माणसांच्या शरीरात शोषल्या जातात, आणि वाय-फायही याच पट्ट्यात चालतं. भाषांतरकार पहिल्या रांगेत, ट्रान्समीटर त्याच्या कमरेला, आणि मंडळी गीतासाठी उभी राहिली की मागच्या बाकांवर आवाज तुटायला लागतो. ट्रान्समीटर उभ्या माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच आणि राउटरपासून लांब ठेवा. इअरपीस एकाच कानाचा घ्या, म्हणजे दुसरा कान गाण्यासाठी मोकळा राहतो.

खरा फरक पडतो तो भाषांतरकाराला काय ऐकू येतं त्याने. हॉलच्या स्पीकरवरून ऐकून भाषांतर करायला लावू नका. मिक्सरच्या ऑक्समधून (आवाज वेगळा बाहेर काढायच्या वाटेतून) फक्त उपदेशकाचा माइक, रिव्हर्बशिवाय (कृत्रिम घुमण्याशिवाय), कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये द्या. ऑक्स प्री-फेडर, म्हणजे हॉलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीच्या आधीच आवाज घेणारा असावा, नाहीतर ऑपरेटरने हॉलचा आवाज कमी केला की भाषांतरकाराचाही कमी होतो. माइक ओठांच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटं अंतरावर. अगदी तोंडासमोर धरला की ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. कुजबुजत भाषांतर करू नये. घसा लवकर थकतो आणि शब्द अस्पष्ट होतात. हळू, पण मोकळ्या आवाजात बोलावं. २० ते ३० मिनिटांनी माणूस बदला. त्यानंतर वाक्यं गळू लागतात आणि भाषांतरकाराच्या ते लक्षातही येत नाही. वचनांचे संदर्भ आदल्या दिवशी हातात असले, तर छापील वचन वाचता येतं, घाईत स्वतःचं रचावं लागत नाही.

आता अन्य भाषा. माइकवर कुणी अन्य भाषेत प्रार्थना करू लागलं, की काही भाषांतरकार सुरावरून अंदाज बांधून ‘देवाची स्तुती चालली आहे’ असं सांगतात. हे करू नये. काही गप्प बसतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बॅटरी संपली. ‘अन्य भाषेत प्रार्थना सुरू आहे, अर्थ सांगितला तर कळवतो’ एवढं सांगून थांबावं. मंडळीत कुणी अर्थ सांगितला, की त्याचं भाषांतर नेहमीसारखं करावं. अर्थ सांगणं हे १ करिंथ १२:१० नुसार वेगळं वरदान आहे. भाषा शिकून आलेल्या माणसाकडून ते मागणं त्याच्यावर अन्याय आहे. दोघं, फार तर तिघं, तेही पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत शांत राहावं, ही १४:२७-२८ ची शिस्त उपासना चालवणाऱ्याने पाळायची असते. त्याचं ओझं इअरफोनवर टाकू नका.

काही जण माणसाऐवजी बोलणं ऐकून आपोआप पडद्यावर मजकूर देणारं अ‍ॅप जोडतात. हबक्कूक, मलकीसदेक अशा बायबलमधल्या नावांवर ते अडखळतं, ते एक वेळ चालेल. पण अन्य भाषेतला आवाज आत गेला, की ते आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांतून जवळचे शब्द शोधून पडद्यावर वाक्यं टाकू शकतं. कुणीही न बोललेलं वाक्य पडद्यावर आलं, की नवखा माणूस त्यालाच अर्थ समजून बसतो. ही चूक किरकोळ नाही. अ‍ॅपकडे जाणाऱ्या आवाजाला वेगळं म्यूट (आवाज बंद करायचं) बटण ठेवा आणि ते दाबायला एक माणूस नेमा.

विकत घेण्याआधी भरलेल्या हॉलमध्ये, सगळे उभे असताना चाचणी घ्या. भाषांतरकाराने अध्याय-वचनांचे दहा आकडे वाचावेत, शेवटच्या बाकावरच्याने लिहून घ्यावेत. कागदावर ‘सात’चे ‘साठ’ झाले, तर आधी माइकची जागा बदलून पुन्हा वाचा. तरीही झाले, तर तो संच घेऊ नका.