आजऱ्यात जागा घेताना भूमी अभिलेखांच्या ऑनलाइन सेवा कितपत पुरतात?

कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा, गारगोटी, चंदगड अशा तालुक्याच्या गावांत जागेचा बाजार शहरासारखा उघड चालत नाही. येथे व्यवहार थोडे, ओळखीतले आणि बरेचसे तोंडी ठरतात. संकेश्वर-बांदा महामार्ग आजऱ्यातून जातो, आंबोली आणि गोवा पुढे आहेत, आणि मुंबईत आयुष्य काढलेल्या आमच्या तालुक्यातील अनेकांना निवृत्तीनंतर गावाकडे चार गुंठ्यांत घर बांधायचे असते. मागणी त्यामुळे खरी आहे, पण माहिती मात्र मधल्या माणसाच्या तोंडी. ही कोंडी फोडण्यासाठी राज्य शासनाने महाभूलेख, आपली चावडी, महाभूनकाशा आणि नोंदणी विभागाचा ई-सर्च या सेवा दिल्या आहेत. आप्तांसाठी आजरा परिसरातील जागा पाहताना या चारही सेवा मी सातत्याने वापरल्या. माझे मत असे की नको ती जागा नाकारण्यासाठी त्यांच्याइतके चांगले साधन दुसरे नाही, मात्र एखादी जागा स्वीकारण्यासाठी त्या पुरेशा नाहीत.

महाभूलेखावर पुणे विभाग, कोल्हापूर जिल्हा, आजरा तालुका आणि गाव निवडून गट क्रमांक दिला की सातबारा पाहायला मिळतो. काही गावांत गट क्रमांकाऐवजी रि.स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर आणि हिस्सा द्यावा लागतो. विक्रेत्याकडून तो नेमका घेतला नाही तर शेजाऱ्याचाच उतारा समोर येतो. नुसता पाहण्याचा उतारा विनामूल्य आहे. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत मिळतो आणि तो शासकीय व कायदेशीर कामासाठी ग्राह्य धरला जातो. ज्या कागदासाठी पूर्वी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, तो मुंबईत बसलेल्या भावाला घरबसल्या मिळावा, ही फार मोठी सोय आहे.

या उताऱ्यावर मी सर्वांत आधी भूधारणा पद्धती पाहतो, आणि प्रत्येक खरेदीदाराने तसेच करावे असा माझा आग्रह आहे. भोगवटादार वर्ग 1, म्हणजे हस्तांतरणावर असे बंधन नसलेली जमीन असेल, तर पुढे वाचावे. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही, हे ध्यानात घेऊन बयाणा देण्याआधीच थांबावे. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण संस्थानकाळापासूनच्या इनाम आणि वतन जमिनी येथे पुष्कळ आहेत, आणि देवस्थान इनामाच्या जमिनीही गावोगाव पसरलेल्या आहेत. अशा जमिनीची सर्वसाधारण खरेदी-विक्री करता येत नाही, तरीही ‘वहिवाट आमचीच आहे’ एवढ्या आधारावर त्या दाखवल्या जातात. उताऱ्यावरची एक ओळ हा सगळा बनाव उघडा पाडते.

त्यानंतर नावे आणि क्षेत्र पाहावे. एका एकरावर एकमेकांशी नाते नसलेली दहा-पंधरा नावे सामाईक दिसली, तर ते बहुधा शेतजमिनीचे तुकडे करून विकलेले प्लॉट असतात. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली 2023 मध्ये ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रानुसार आपल्याकडे बागायत जमिनीला 10 गुंठे आणि जिरायत जमिनीला 20 गुंठे ही किमान मर्यादा आहे; त्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. ती चुकवण्यासाठी अनेकांची नावे एकाच दस्तात घालून सामाईक खरेदी केली जाते आणि प्रत्येकाला आपला दीड-दोन गुंठ्यांचा चौकोन जागेवर चुन्याने आखून दिला जातो. कागदावर तो चौकोन कोठेच नसतो. शासनाने 2025 मध्ये नागरी आणि निवासी क्षेत्रातील अशा जुन्या व्यवहारांसाठी या कायद्यात शिथिलता आणण्याचे पाऊल उचलले, पण ऊस उभा असलेल्या प्रत्येक रानाला ती सवलत लागू आहे, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय खरेदीदार शेतकरी नसेल, तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई करणारे कूळकायद्याचे कलम 63 त्याच्या आड येतेच.

आपली चावडी ही सेवा मला विशेष आवडली, आणि ती सर्वांत कमी वापरली जाते याचे वाईट वाटते. गावातील प्रलंबित फेरफारांच्या, म्हणजे सातबाऱ्यावरील हक्कबदलाच्या नोंदींच्या, नोटिसा तेथे दिसतात. नोंदीवर हरकत घेण्यासाठी 15 दिवसांची मुदत असते. ज्या जागेचे आपण बोलणे करीत आहोत तिच्यावर वारसाची किंवा दुसऱ्या खरेदीची नोंद आधीच टाकलेली असेल, तर ती येथे कळते. आपण खरेदी केल्यानंतर आपल्या नावाचा फेरफार कोठवर आला हेही येथेच पाहता येते.

ई-सर्चमधून नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक 2 (दस्ताचा थोडक्यात गोषवारा) पाहता येते, मात्र मुंबईबाहेरची माहिती साधारणपणे 2002 पासूनची आहे. वकील 30 वर्षांचा शोध घेतात, त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयाला पर्याय नाही. भाव समजून घेण्यासाठी या सूचीचा उपयोग मर्यादितच होतो. दस्तात लिहिलेली रक्कम बरेचदा रेडीरेकनरच्या (शासनाने ठरवलेल्या दराच्या) आसपास थांबते, आणि रस्त्याला लागून असलेल्या गुंठ्याचा प्रत्यक्ष भाव चहाच्या टपरीवर वेगळाच ऐकू येतो. व्यवहार इतके थोडे होतात की एका हौशी खरेदीदाराने जास्त पैसे मोजले, तरी आसपासच्या सगळ्या विक्रेत्यांची अपेक्षा वर्षभर तेवढीच राहते.

आता या सेवा जेथे थांबतात त्याविषयी. आम्ही पाहिलेल्या एका जागेचा सातबारा स्वच्छ होता. वर्ग 1, कर्जाचा बोजा नाही, ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाची नोंद नाही. मात्र क्षेत्र चार भावांच्या नावे सामाईक होते आणि वाटणी तोंडी झालेली होती. विक्रेता जो रस्त्याकडेचा तुकडा आपला म्हणून दाखवत होता, तो त्याच्या वहिवाटीत खरोखर होता, पण कागदाप्रमाणे त्याच्याकडे होता फक्त अविभक्त हिस्सा. महाभूनकाशावर गटाची बाह्य हद्द दिसते. भावाभावांतील बांध बहुतेक ठिकाणी दिसत नाही, कारण पोटहिस्स्यांची मोजणीच झालेली नसते. त्यातच बहिणींचा प्रश्न असतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तरीही वारसनोंद करताना बहिणींची नावे वगळलेले अनेक उतारे मी पाहिले आहेत. सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण ती मालकी निर्माण करत नाही. म्हणून वंशावळ मागावी, आणि प्रत्येक बहिणीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीपत्रावर तिची स्वतःची सही असल्याखेरीज पुढे जाऊ नये. हे केवळ खरेदीदाराच्या सुरक्षेसाठी नाही. ज्या बाईचा हिस्सा आहे तिला निदान विचारले गेले पाहिजे. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, तेव्हाच सगळे सह्यांसाठी एकत्र मिळतात. बोलणे त्या हिशेबाने लावावे.

गावठाणातील जुन्या घरांबाबत या सेवा आणखी तोकड्या पडतात. तेथे विक्रेता बहुधा घरपट्टीचा असेसमेंट उतारा पुढे करतो, जो कर कोणी भरायचा एवढेच सांगतो. मालमत्ता पत्रक (भूमी अभिलेख विभागाचा मिळकतीचा उतारा) असेल तर उत्तम, नसेल तर मूळ खरेदीदस्त पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हिरण्यकेशीच्या काठच्या जागेत पाणी कोठवर चढते, जाण्यायेण्याची वाट कोणाच्या रानातून आहे, हेही कोणत्याच संकेतस्थळावर लिहिलेले नाही. त्यासाठी जुलैमध्ये, भर पावसात, शेजारच्या बांधकऱ्यांशी बोलत जागा पाहावी.

या साऱ्यावर एक उपाय शासनाच्याच हाती आहे, आणि तो खरेदीदाराने आजही आग्रहाने करून घ्यावा: साठेखत (खरेदीपत्राआधीचा करार) करतानाच विक्रेत्याने मोजणीचा अर्ज करावा, शेजाऱ्यांना रीतसर नोटिसा जाव्यात, आणि हद्द कायम झालेल्या ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, उरलेली रक्कम अवलंबून ठेवावी. ई-मोजणीमुळे अर्ज ऑनलाइन करता येतो. हा मोजणी नकाशा सातबाऱ्याला जोडून त्याच पडद्यावर दिसू लागला, तर आजऱ्यासारख्या गावातील निम्मे तंटे बयाण्याच्या आधीच कळतील.