जिमखालची अंड्यांची गाडी: चव झकास, 'ओन्ली व्हाइट' प्लेट टाळा

कोथरूडला आमच्या जिमखाली संध्याकाळी अंड्यांची गाडी लागते. काका दोऱ्याने अंडं चिरतात, वर कांदा, काळं मीठ, लिंबू. बलक मऊ, भोवती हिरवट कड नाही, म्हणजे उगाच जास्त उकडलेलं नाही. एवढं बऱ्याच हॉटेलांनाही जमत नाही.

खटकते ती 'ओन्ली व्हाइट' प्लेट. पैसे अख्ख्या अंड्यांचे, आणि काढलेलं पिवळं जातं भुर्जीच्या डब्यात! जिमची पोरं मात्र हौसेने मागतात. अरे, अंड्यातल्या साधारण ६ ग्रॅम प्रथिनांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास बलकात असतात. ड जीवनसत्त्व आणि कोलीन (मेंदूला लागणारं पोषकद्रव्य) तर जवळजवळ सगळं तिथेच. कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकेनेही २०१५-२० च्या आहार मार्गदर्शिकेत काढून टाकली. मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारावं, ते वेगळं. कॅलरी मोजणाऱ्यांचंही समजू शकते. पांढऱ्यात जेमतेम १७.

मी दोन अख्खी आणि एक पांढरं सांगते, काका कुरकुरत देतात. भुर्जीला तेल जरा कमी घालायला सांगा. आणि आठच्या आत जा, नंतर पाव संपतो.